नॉक्स काउंटीचं स्टॉक रजिस्टर

१ जून २०२४, शनिवार

भाचा दोन वर्षं मागे लागला होता, आज शेवटी घेतला. 'प्रोजेक्ट झोम्बॉइड'. इंग्लंडातल्या 'दी इंडी स्टोन' या छोट्या कंपनीचा गेम. मेलेली माणसं झोम्बी होऊन गावभर फिरतात आणि त्यांच्यात आपण तगून राहायचं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात नोव्हेंबर २०१३ पासून विकायला आहे आणि अजून 'काम चालू आहे' अशी पाटी लावूनच विकतात. आमच्या साहेबांना दाखवायला हवं.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, यात जिंकता येत नाही. तू कसा मेलास त्याची ही गोष्ट, असं सुरुवातीलाच लिहून येतं."

"मग करायचं काय?"

"सामान गोळा करायचं. घरं उघडायची, कपाटं बघायची."

एकवीस वर्षं कुपवाड एमआयडीसीत स्टोअर सांभाळतोय. बाकी काही नाही तरी कपाटं बघणं जमेल.

काम असं ठरवलं: मलड्रॉ हे एकच गाव घ्यायचं. गेममधले पहिले तीस दिवस. पाच वस्तू मिळवायच्या: कुऱ्हाड, मोठी पाठपिशवी, जनरेटर, जनरेटर कसा चालवायचा ते शिकवणारं मासिक आणि घण. उघडलेल्या प्रत्येक कपाटाची नोंद वहीत. वही खरी, दोनशे पानी, डाव्या बाजूला आवक आणि उजव्या बाजूला जावक.

नियम एकच. मेलो तर जग पुसायचं नाही. त्याच जगात नवा माणूस आणता येतो, तेव्हा वही पुढे चालू.

२ जून, रविवार (गेममध्ये ९ जुलै १९९३, शुक्रवार)

मलड्रॉ हे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं खरंखुरं छोटं गाव, फोर्ट नॉक्स या लष्करी तळाला खेटून. अमेरिकन सरकारचं सोनं ठेवलेली तिजोरी त्याच फोर्ट नॉक्समध्ये. गेममधली 'नॉक्स काउंटी' मात्र कल्पित आहे. त्या नावाची खरी काउंटी केंटकीत आहे, पण ती लांब आग्नेयेला.

पहिला माणूस सुतार घेतला. सुतारकामाच्या तीन पायऱ्या त्याला सुरुवातीलाच येतात.

पहिल्याच घरात एक गोष्ट कळली. कपाटात काय निघणार ते कपाटावर नाही, खोलीवर ठरतं. तेच लाकडी कपाट स्वयंपाकघरात असलं तर डबे आणि सुऱ्या, न्हाणीघरात असलं तर गोळ्या आणि बँडेज, गॅरेजमध्ये असलं तर खिळे, करवत, क्वचित मोठं अवजार. गावाच्या त्या तुकड्यात माणूस पहिल्यांदा पोचला की तिथल्या कपाटांत काय आहे ते ठरतं आणि ठरलं ते कायम. रिकामं केलेलं कपाट मूळ सेटिंगवर पुन्हा भरत नाही. म्हणजे आवक एकदाच, नंतर फक्त जावक. असं स्टोअर मला कोणी दिलं असतं तर मी त्याच दिवशी राजीनामा दिला असता.

चार घरं झाली. आवक: शाळेचं दप्तर १ (क्षमता १५), हातोडी १, खिळ्यांचं खोकं १, हवाबंद डबे ९, टीव्हीचे रिमोट ३.

५ जून, बुधवार

रात्री अर्धा तास. दोन घरं. रिमोट आणखी २. बाकी काही नाही.

८ जून, शनिवार (गेममध्ये चौथा दिवस)

डबे ३४ झाले. बीन्स, मका, टोमॅटो, सूप, ट्यूना. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर रचून ठेवले, जिन्यातून दिसतील असे. बघून बरं वाटलं. मार्चअखेरीला रॅक भरलेले बघितले की वाटतं तसं.

मग भूक लागली. डब्यावर राइट क्लिक केलं तर 'उघडा' असा पर्यायच येईना. भाच्याला फोन लावला.

तो हसायलाच लागला. "मामा, टिन ओपनर आहे का?"

नव्हता. सुरी चालत नाही, स्क्रूड्रायव्हर चालत नाही, दगडावर आपटून चालत नाही. टिन ओपनरच लागतो. चौतीस डब्यांच्या ढिगापुढे सुतार उपाशी.

इथे थोडं कामाचं लिहितो. स्टोअरमध्ये मालाची वर्गवारी दोन तऱ्हांनी करतात. एक वर्षभरात त्या मालावर होणाऱ्या खर्चावरून, एबीसी: जास्त पैसा जातो ते ए, थोडा जातो ते सी. दुसरी व्हीईडी: व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. म्हणजे ज्याच्यावाचून काम ठप्प होतं ते, ज्याच्यावाचून अडतं ते, आणि असलं तर बरं ते. नवीन पोरांना पहिली तऱ्हा लगेच कळते. दुसरी कळायला एकदा मशीन बंद पडावं लागतं. आमच्याकडे एकदा दोन-चार रुपयांच्या ओ-रिंगसाठी, म्हणजे एका रबरी कड्यासाठी, एक प्रेस पूर्ण पाळी उभा होता. तेव्हा ओ-रिंग खर्चाने सी होती आणि गरजेने व्ही. बिन कार्डावर, म्हणजे तिच्या साठ्याच्या नोंदकार्डावर, तिची किमान पातळी शून्य लिहिलेली. लिहिणारा मीच.

मी काढलेली पाच वस्तूंची यादी ही सगळी ए वर्गाची यादी आहे. भाच्याने सांगितलेल्या भारी भारी वस्तू. त्यात ओपनर नाही.

यादीत सहावी वस्तू लिहिली.

९ जून, रविवार

ओपनरसाठी अकरा स्वयंपाकघरं पालथी घातली. तोवर सुतार फ्रिजमधलं वितळायला आलेलं आइस्क्रीम, चिप्स आणि कोरडं सीरियल खाऊन राहिला. वीज अजून आहे, म्हणून फ्रिज चालू. तेवढ्यात नाशवंत माल आधी संपवायचा, डबे मागे ठेवायचे. जुनं आधी, नवं नंतर. इथे ते नकळत पाळलं गेलं, कारण डबे उघडतच नव्हते.

बाराव्या घरात, म्हणजे चाकांवरच्या एका पत्र्याच्या घरात, सिंकशेजारच्या ड्रॉवरमध्ये मिळाला. दोन चमचे, एक लाटणं आणि तो. वहीत लाल शाईने लिहिला. बायको डोकावून म्हणाली, "अहो, एवढं काय सापडलं?" दाखवलं. ती काही न बोलता आत गेली.

११ जून, मंगळवार

काळ्या कचरा-पिशव्या. यांच्याबद्दल लिहायलाच पाहिजे.

वीज आणि नळाचं पाणी मूळ सेटिंगवर पहिल्या तीस दिवसांत कधीतरी जातं. नेमकं कधी ते आधी कळत नाही. पाण्यासाठी पावसाचं पिंप करायचं, त्याला चार फळ्या, चार खिळे आणि चार कचरा-पिशव्या. शिवाय सुतारकाम चौथ्या पायरीचं. फळ्या कितीही मिळतात, दिसेल ते फर्निचर करवत-हातोडीने सोडवावं. पिशव्या मात्र शोधाव्या लागतात. सिंकखालच्या कपाटात असतात, पण पहिल्या फेरीत त्या मी तिथेच टाकून आलो होतो. कचऱ्याच्या पिशव्या कोण उचलतो?

सगळी घरं पुन्हा. दुसऱ्या फेरीचा खर्च पहिल्या फेरीत डोळे उघडे न ठेवल्याचा.

चौथी पायरी टीव्हीने पुरी केली. पहिल्या आठवड्यात एका वाहिनीवर सुतारकाम, स्वयंपाक, रानात कसं तगायचं असे कार्यक्रम ठरल्या वेळेला लागतात आणि बघणाऱ्याला त्यातून खरंच शिकायला मिळतं. बाहेर जग बुडतंय आणि सुतार पडदे ओढून, आवाज बारीक करून टीव्हीवर रंधा कसा धरायचा ते बघतोय. आमच्या आजोबांना हे पटलं असतं.

पहिलं पिंप बंगल्यामागे उभं. त्यातलं पाणी तसंच प्यायचं नाही, उकळायचं. पिंप सिंकच्या वर बसवून पाईप पान्याने जोडलं तर नळातून स्वच्छ येतं, पण पाना नाही. यादीत सातवी वस्तू.

१५ जून, शनिवार (गेममध्ये सातवा दिवस)

हेलिकॉप्टर आलं. सहाव्या ते नवव्या दिवसाच्या मध्ये एकदा येतं, हे भाच्याने सांगितलं होतं. ते वाचवायला येत नाही. नुसतं डोक्यावर घोंघावतं आणि त्या आवाजाने अर्धा गाव दारात.

दिवसभर वरच्या मजल्यावर बसून राहिलो. आवक शून्य, जावक डबे २.

१६ जून, रविवार (गेममध्ये दहावा दिवस)

सुतार गेला.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही. हमरस्त्याच्या पलीकडे एक गॅरेज उघडलं. आत जी इच्छा होती ती सगळी: पाईप पाना, वेल्डिंगचा मुखवटा, कारची बॅटरी, दोन टायर, आणि कुऱ्हाड. कुऱ्हाड! यादीतली पहिली. पाठीला दप्तर भरलेलं, हातात दुसरी डफल पिशवी. बाजूला वजनाचं चिन्ह लाल झालेलं दिसत होतं. ते दिसलं की दम लवकर लागतो, पळता येत नाही, हात जड होतो. टायर टाकायला हवे होते. माझ्याकडे गाडीच नाही, टायर कशाला?

पण सापडलेली वस्तू टाकवत नाही. स्टोअरकीपरचा हा जुना रोग. डेड स्टॉकची यादी दर वर्षी वर जाते, 'भंगारात काढावं' असा शेरा येतो, आणि तीच यादी पुढच्या वर्षी पुन्हा.

कुंपण चढता येईना, इतका दमला होता. वळसा घालून यायला गेला आणि एका झुडपामागून तिघे निघाले. नख लागलं तर बाधा होण्याची शक्यता शेकडा सात, कातडं फाटलं तर पंचवीस, चावा घेतला तर शंभर. चावा होता, मानेवर.

शंभरला काही इलाज नाही. त्याला बंगल्यापर्यंत आणायचं म्हणून चालवत राहिलो, पण दोन घरं अलीकडेच पडला. पाठीला दप्तर, दप्तरात टिन ओपनर.

१७ जून, सोमवार

भाचा: "ओपनर सोबत घेऊन कशाला फिरत होतास?"

भूक लागली तर वाटेत खाता यावं म्हणून. गावातला एकुलता एक ओपनर मी प्रत्येक फेरीत खिशात घालून नेत होतो. आमच्याकडे एका फिटरने टॉर्क रेंच असाच घरी नेला होता, त्याच्यावर मी कोण बोललो होतो.

"आता इलेक्ट्रिशियन घे," तो म्हणाला. "त्याला जनरेटर जन्मतःच चालवता येतो. मासिक शोधायला नको."

मुद्दा बरोबर आहे, पण ती चोरवाट झाली. मासिक यादीत आहे ना, मग शोधायचं.

२२ जून, शनिवार (गेममध्ये बारावा दिवस)

नवा माणूस: दुरुस्ती कामगार. गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरला. कपाटं बहुतेक रिकामी, आधीच्याने झाडून नेलेली, आणि ते सामान कुठे ठेवलंय ते वहीत पान क्रमांकासह लिहिलेलं. कारखान्यात माणूस निवृत्त होतो, त्याच्या जागी नवा येतो आणि पहिला आठवडा जुन्याचं अक्षर लावण्यात जातो. इथे अक्षर माझंच असून लागेना. 'बं. मागे पिं. १' म्हणजे काय ते कळायला पाच मिनिटं लागली. बंगल्यामागे पिंप एक.

पिंप भरलेलं होतं. पाऊस पडून गेला असावा.

मेलेला सुतार आता उठून फिरत असणार. बाधा होऊन मेला की उठतो, अंगावरचे कपडे आणि पाठीवरची पिशवी यांच्यासकट. म्हणजे आता तो माझा सगळ्यात मोलाचा फिरता साठा.

२३ जून, रविवार

सापडला. पडला तिथून फार लांब गेला नव्हता, शेजारच्या अंगणात गवत कापायच्या मशीनपाशी उभा. तोच निळा शर्ट मी दहा दिवस बघत होतो. पाठीवर शाळेचं दप्तर. एरवी झोम्बी म्हणजे झोम्बी, पण याला हातोडी मारताना जरा बरं वाटलं नाही. बायको मागे उभी होती. "हा आधीचा तुमचाच का?" म्हणाली.

दप्तर, पाना, कुऱ्हाड, ओपनर. टायर त्याच्यापाशीच ठेवले.

ओपनर बंगल्यातल्या पहिल्या ड्रॉवरमध्ये. वहीत त्याच्यापुढे लिहिलं: स्टोअरबाहेर नेऊ नये.

त्याच गल्लीत उरलेले दोघे आडवे केले. एकीच्या अंगावर सोन्याची साखळी, बोटात हिऱ्याची अंगठी. दागिने घालता येतात, बाकी उपयोग काही नाही, म्हणून साखळी तिथेच राहू दिली.

"अहो, सोनं टाकून आलात?"

"वजन होतं ना."

"साखळीचं? टायर उचलत होतात तेव्हा?"

फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत साडेचार हजार टनांवर सोनं आहे म्हणतात आणि मी त्याच्या शेजारच्या गावात कचऱ्याच्या पिशव्या मोजतोय. हे तिला सांगितलं. तिचं म्हणणं, साखळी तरी आणायची.

२९ जून, शनिवार (गेममध्ये एकोणिसावा दिवस)

इकडे संध्याकाळपासून पाऊस, नऊ वाजता लाइट गेली. साडेदहाला आली. लॅपटॉप लावला, तर पंधरा मिनिटांत गेममधली वीज गेली. खिडक्या काळ्या झाल्या आणि बंगल्यातला फ्रिजचा बारीक आवाज थांबला. तो आवाज इतके दिवस चालू होता हे थांबल्यावरच कळलं.

फ्रिजमधल्या मालाची यादी केली: मासे ३, लोणी १, कोबी २, अर्धं कलिंगड. उद्यापर्यंत संपवायचं.

पेट्रोल पंपही बंद पडले. पंपाला वीज लागते, नाहीतर शेजारी जनरेटर लावावा लागतो, आणि जनरेटरला पेट्रोल. आता उभ्या गाड्यांच्या टाक्यांतून कॅनमध्ये काढायचं.

६ जुलै, शनिवार (गेममध्ये तेविसावा दिवस)

मलड्रॉमध्ये भाड्याने द्यायच्या साठवण-खोल्या आहेत. एका रांगेत एकसारख्या. लोकांना घरात नको असलेलं, पण टाकवत नसलेलं सामान तिथे ठेवायचं आणि महिन्याला भाडं भरत राहायचं. अमेरिकेत ही मोठी धंद्याची गोष्ट आहे. आपल्याकडे त्याला माळा म्हणतात आणि भाडं नसतं.

तिथे दोन रात्री घालवल्या. एकेक खोली, एकेक खोकं. इतकं मन लावून मी ऑफिसचं स्टॉक टेकिंगही केलं नसेल. खोक्यांत काय काय निघालं: मुलांच्या बाहुल्या, नाताळचे दिवे, एक सॅक्सोफोन, बेसबॉलची बॅट (घेतली), बर्गरवाल्या स्पिफोचा कापडी रॅकून (तोही घेतला, कारण नोंदवणार नाही). शेवटून तिसऱ्या खोलीत मासिकांनी भरलेलं एक खोकं. स्वयंपाक, मासेमारी, पुन्हा स्वयंपाक, शिकार. आणि सगळ्यात शेवटी 'जनरेटर कसे वापरावेत'.

खोक्याच्या तळातलं एक मासिक, आणि त्याच्यावाचून चाळीस वजनाचा जनरेटर म्हणजे नुसता धोंडा. व्ही की ई? व्ही. पाच वस्तूंच्या मूळ यादीत खरी व्ही हीच एक होती आणि ती मी चौथ्या क्रमांकावर लिहिली होती.

वाचून झाल्यावर माणसाला ते कायमचं येतं. मासिक तरीही ड्रॉवरमध्ये ठेवलं, ओपनरशेजारी. तिसरा माणूस लागला तर.

१३ जुलै, शनिवार

जनरेटर गावाबाहेरच्या एका गोदामात मिळाला. दोन्ही हातांनी उचलावा लागतो, उचलला की हातात शस्त्र नाही. आधी रस्ता मोकळा करून घेतला, मग गाडी उलटी लावून डिकी गोदामाच्या दाराला भिडवली, मग सात पावलं उचलून चाललो. गाडी एका मेलेल्या कामगाराच्या खिशातल्या किल्लीवर मिळाली होती, दोन दिवसांपूर्वी. तिचे चारही टायर चांगले होते.

एक पाठपिशवीही त्याच गोदामात, मोठी, गिर्यारोहणाची, क्षमता २२. दप्तर निवृत्त.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. उपास, घरात पाहुणे. वही उघडली नाही.

२० जुलै, शनिवार (गेममध्ये अठ्ठाविसावा दिवस)

जनरेटर लावला. घरात लावायचा नाही, धुराने माणूस मरतो. हे गेममध्येही आहे आणि खऱ्यातही. बाहेर भिंतीलगत ठेवला, वीस चौकटींच्या आतल्या सगळ्याला वीज मिळते. आवाज येतो आणि त्या आवाजाला पाहुणे येतात, म्हणून भोवती कुंपण हवं. तो चालता चालता झिजतो, त्याची दुरुस्ती इलेक्ट्रॉनिक भंगाराने होते. आणि भंगार मिळतं घड्याळं, रेडिओ सोडवून. आता ते रिमोट आठवले. वहीत पहिल्या पानापासून 'रिमोट' लिहिलेत, शेरा: निरुपयोगी. सगळे मिळून सतरा, गावभर विखुरलेले, पण कुठे आहेत ते पान आणि घर क्रमांकासह माहीत. शेरा खोडला. अर्धा दिवस गावात फिरून सगळे गोळा केले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो.

फ्रिज पुन्हा गुणगुणायला लागला. आत ठेवायला काहीच नव्हतं, मग एक डबा ठेवला.

२५ जुलै, गुरुवार

गेम नाही. कृष्णेला पाणी चढतंय, कोयनेतून सोडलंय. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्याकडे सरकतेय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्या वर गेली होती, तेव्हा आम्ही चौघे शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पाच दिवस काढले.

जुन्या डायरीत तेव्हाची यादी सापडली. वर काय नेलं: कागदपत्रं, दागिने, गॅसची टाकी आणि शेगडी, तांदूळ, डाळ, तेल, बिस्किटं, टीव्ही. टीव्ही! चौघांनी मिळून जिन्यातून. लायटर खाली ओट्यावर राहिला. शेगडी होती, टाकी होती, तांदूळ होता, आणि काडी नाही. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काडेपेटी फेकली. पहिल्यांदा खाली पाण्यात पडली, दुसऱ्यांदा पोचली.

आज बायकोने पिशवी भरायला घेतली. वर काय ठेवायचं विचारलं तिने. मी म्हटलं, सगळ्यात आधी काडेपेट्या, दोन, वेगवेगळ्या ठिकाणी. मग तुझ्या बीपीच्या गोळ्या, चार्जर, मेणबत्त्या, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या.

"त्या कशाला?"

"लागतात."

२७ जुलै, शनिवार (गेममध्ये तिसावा दिवस)

पाणी अजून आमच्या गल्लीत नाही. पिशवी दाराशीच आहे. रात्री दीड तास बसलो, मुदत आज संपते म्हणून.

भाच्याला तिथलं मोठं शहर, लुईव्हिल, बघायचंय. म्हणतो, "मामा, तिथे दुकानंच दुकानं. पण झोम्बी पण तितकेच." म्हटलं, आधी इथला हिशेब.

पाईप पान्याने पिंप सिंकला जोडायचं राहिलंय. त्यासाठी पिंप वरच्या मजल्यावर, सिंकच्या डोक्यावर न्यायला हवं, म्हणजे ते इथलं मोडून तिथे नवं बांधायचं. नवं म्हणजे पुन्हा चार पिशव्या आणि पुन्हा चौथी पायरी. सुताराला ती येत होती, या माणसाला अजून दोन पायऱ्या बाकी आहेत. तोवर खुर्च्या सोडवत बसायचं.

तिसाव्या दिवसाअखेर साठा:

कुऱ्हाड १, चालू, दांडा झिजलेला. मोठी पाठपिशवी १. जनरेटर १. मासिक १, वाचून झालेलं. टिन ओपनर १, जागेवर. पाईप पाना १. पावसाची पिंपं १. कचरा-पिशव्या ६. डबे ५१. पेट्रोलचे कॅन २, एक अर्धा. रिमोट ०, सोडवून झाले. स्पिफो १, नोंदीत नसलेला. सोनं नाही.

घण ०. गॅरेजं, गोदामं, गावाबाहेरची लाकडाची वखार, सगळं बघून झालं. मागणी कायम.